साडेसातचा क्लास आणि साडेआठचा कॉल

गेल्या वर्षी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत एका इंटरव्ह्यूच्या पॅनलवर होतो. मुलगा चांगला होता, तीन वर्षांचा अनुभव, जावा पक्कं, डेटाबेसचं काही विचारलं तर उगाच ठोकून न देता "हे मला नक्की माहीत नाही" असं सरळ सांगणारा. शेवटी माझ्या शेजारच्याने नेहमीचा प्रश्न टाकला, हॉबीज काय तुझ्या? मुलगा एक सेकंद थांबला आणि म्हणाला, नवीन टेक्नॉलॉजी एक्सप्लोर करायला आवडतं सर. आणि माझ्या हातात त्याचा रेझ्युमे होता, त्याच्या दुसऱ्या पानावर अगदी तळाला लिहिलेलं होतं, पुरुषोत्तम करंडक, दोन वर्षं, प्रकाशयोजना.

मी म्हटलं अरे मग हे काय आहे? तर तो चक्क ओशाळला. ते कॉलेजमधलं आहे सर, आता काही नाही करत.

पुरुषोत्तम म्हणजे काय हे पुण्यात सांगायला लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो, कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे, महाराष्ट्रीय कलोपासक घेतं, भरत नाट्य मंदिरात होते आणि इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी त्यात जीव ओतून उतरतात. मी त्याला लाइट्सबद्दल विचारायला लागलो आणि तो मुलगा वेगळाच झाला, हात हलवून बोलायला लागला. म्हणाला पहिल्या वर्षी एका प्रवेशाच्या शेवटी ब्लॅकआउट द्यायला त्याला अर्धा सेकंद उशीर झाला आणि स्टेजवर मेलेलं पात्र उठून विंगेत जाताना अख्ख्या थिएटरने बघितलं. दुसऱ्या वर्षी त्याने प्रत्येक क्यू कागदावर लिहिला, कुठल्या वाक्याच्या कुठल्या शब्दावर काय, आणि प्रयोगाच्या आधी तीन दिवस तो कागद मोठ्याने म्हणत बसायचा, बोटं डिमरवर ठेवून. एकही क्यू चुकला नाही.

आता मला सांगा, प्रॉडक्शनला रात्री डिप्लॉयमेंट करायला, म्हणजे चालू सिस्टिमवर नवा कोड चढवायला, मला कसा माणूस पाहिजे? हाच पाहिजे ना? आणि हीच गोष्ट तो लपवत होता, कारण कुणीतरी त्याला सांगितलं असणार की असलं काही बोलू नकोस, सिरियस वाटत नाही. हे त्याला आपणच सांगितलंय, आपण सगळ्या सिनियर लोकांनी, वर्षानुवर्षं. त्याबद्दल मला लिहायचंय.

डेव्हलपरने कामाबाहेर काय करावं असं कुणालाही विचारा, ठरलेली उत्तरं येतात. साइड प्रोजेक्ट कर, ओपन सोर्सला, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडला, हातभार लाव, एखादं सर्टिफिकेशन, फार तर बुद्धिबळ कारण त्याने डोकं चालतं. म्हणजे कामाबाहेर काय तर कामच. मला हे पटत नाही आणि माझं म्हणणं असं आहे की आपल्या धंद्यातल्या माणसाला ज्या छंदाचा खरोखर उपयोग होतो त्यात दोन गोष्टी असाव्या लागतात. एक म्हणजे त्यात अनडू नसावा, केलं ते केलं, ऐकू आलं ते ऐकू आलं. आणि दुसरं म्हणजे तिकडे कुणीतरी आपली वाट बघत असावं, आपण नाही गेलो तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. असले छंद माणसं संध्याकाळीच करतात, सगळी जमायची वेळच ती, आणि आपल्या इंडस्ट्रीने नेमकी तीच वेळ खाल्लेली आहे. म्हणून हा माझ्या-तुमच्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही, तो सगळ्यांचा प्रश्न होतो.

आधी माझं सांगतो. मी छत्तिसाव्या वर्षी तबला शिकायला लागलो. लहानपणी वाजवायचो वगैरे काही नाही, कोरी पाटी. कोथरूडला सरांच्या घरी क्लास, मंगळवारी साडेसात, माझ्या बॅचला चार जण, त्यातले दोघं चौथी-पाचवीतले. पहिले सहा आठवडे मी एका बोलावर अडकलो होतो, तिरकिट. लिहायला चार अक्षरं, पण वाजवताना ति मधल्या बोटाने आणि अनामिकेने, र तर्जनीने, कि डाव्या हाताने डग्ग्यावर, आणि ट परत मधलं बोट नि अनामिका. सावकाश येतं. जरा लय वाढवली की माझी तर्जनी मागे राहायची आणि तिरकिटचं ति-किट व्हायचं, र गायब. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा खडाखड वाजवायचा आणि माझ्याकडे बघायचा, त्यात कुठेही हसणं नव्हतं, त्याला फक्त कळत नव्हतं की या काकांना हे का येत नाहीये.

सर कधी चिडले नाहीत. म्हणायचे लय उतरवा. अजून उतरवा. आता तोंडाने म्हणा. तबल्यात पढंत असते ना, बोल आधी तोंडाने म्हणायचे हाताने टाळी देत, तर सरांचा नियम की जे तोंडाने येत नाही ते हाताला द्यायचंच नाही. आणि गंमत म्हणजे मी तोंडाने म्हणायला लागलो तेव्हा कळलं की मी र तोंडानेही गिळतोय! म्हणजे चूक बोटात नव्हतीच, चूक डोक्यात होती, मला तो बोल तसाच ऐकू येत होता. हे कळल्यावर आठ दिवसात सुटलं.

आता यावरून कुणी म्हणेल की हे तर आपलं डिबगिंगच, कोडमधली चूक शोधणंच झालं, आणि खरं आहे, मी ऑफिसमधे आता एखादं अडलेलं लॉजिक टाइप करायच्या आधी मोठ्याने बोलून बघतो, शेजारी कुणी असो नसो. तबल्यातला कायदा नावाचा रचनेचा प्रकार पण तसाच. धाधा तिरकिट धाधा तूना, ताता तिरकिट धाधा धिना, एवढ्या बोलांवर पलटे, म्हणजे त्यांचीच उलटापालट, करायचे, बाहेरचा एकही बोल आणायचा नाही, शेवट तोच ठेवायचा, आणि एवढ्यात तुम्ही किती फिरू शकता ते बघायचं. नियमाच्या आत राहून नवं काहीतरी काढायचं हे ज्याला हाताने कळलं त्याला दहा वर्षं जुन्या कोडबेसमधे काम करताना कमी त्रास होतो असं मला वाटतं. पण ही साम्यं मी फार ताणणार नाही. तबला डेव्हलपरसाठी चांगला कारण तो कोडिंगसारखा आहे असं म्हणणं म्हणजे परत कोडिंगच. मला जे मिळालं ते यातून मिळालं नाही.

मिळालं ते असं. आमच्याकडे एक फ्रेशर मुलगी होती, तिच्या कोडमधे तीच ती चूक तीन वेळा आली, कनेक्शन उघडायचं आणि एक्सेप्शन, म्हणजे मधेच काही बिघाड, आलं की ते बंदच करायचं नाही. पूर्वीचा मी तिसऱ्या वेळेला काय लिहिलं असतं मला माहितीये, मी लिहायचो तसं, "हे आधीही सांगितलंय". ते वाक्य लिहून समोरचा शिकत नाही, तो फक्त पुढच्या वेळी कोड दाखवायला घाबरतो. त्या दिवशी मी ते टाइप करून पुसलं, कारण सोमवारची दुपार होती आणि दुसऱ्या दिवशी मला त्याच खोलीत जाऊन सातव्यांदा तिरकिट चुकवायचं होतं. मी उठून तिच्या डेस्कवर गेलो आणि म्हटलं हा फ्लो मला तोंडाने सांग, सुरुवातीपासून, सावकाश. ती सांगायला लागली आणि एक्सेप्शनपाशी आली तेव्हा स्वतःच थांबली. तिच्या डोक्यात एक्सेप्शन आलं म्हणजे गोष्ट तिथेच संपली असं होतं, त्यानंतरही काहीतरी चालू राहतं, उघडं राहतं, हे चित्रच नव्हतं. परत ती चूक आली नाही.

बारा-पंधरा वर्षं या धंद्यात काढली की माणसाला न येणं म्हणजे काय ते आठवेनासं होतं. सगळं येतं असं नाही, पण आपल्याला न येणारं कुणाला दिसणार नाही याची व्यवस्था आपण केलेली असते. सर्च करतो, आता तर एआयला विचारतो, गुपचूप दुरुस्त करतो, कमिट दाबून टाकतो, हिस्टरी स्वच्छ. तबल्यावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली की चुकली, लेहरा, ती साथीची फिरती धून, पुढे निघून गेलेला असतो, सगळ्यांना ऐकू गेलेलं असतं, आणि पुढच्या आवर्तनात परत यायचं असतं, तोंड न पाडता. तीनतालात सोळा मात्रांनी सम परत येतेच. हे मला कुठल्याही लीडरशिप ट्रेनिंगने शिकवलं नव्हतं.

आणि डोकं रिकामं होतं ते वेगळंच. जिमला जा, पळा, सिंहगड चढा, सगळं तब्येतीला उत्तम आहे, जरूर करा, पण मी आतकरवाडीवरून गड चढताना पूर्ण वाटभर मनातल्या मनात ऑफिसच्या भांडणांना उत्तरं देत असतो. पाय चालतात, डोकं ऑफिसातच. झपतालाच्या दहा मात्रा मोजताना ते होत नाही, कारण एक मात्रा जरी डोकं बाहेर गेलं की खाली, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, कुठे होती ते कळत नाही. एक तास ऑफिसचं तिकीट, एस्केलेशन, अप्रेझल काही म्हणजे काही शिल्लक राहत नाही. फ्रेंच गणिती आंरी प्वांकारेने लिहून ठेवलंय की कितीतरी दिवस न सुटलेली गोष्ट त्याला एका सहलीत बसच्या पायरीवर पाय ठेवताना एकदम सुटली, त्यावेळी तो गणिताचा विचारही करत नव्हता. माझं काही एवढं मोठं नाही पण बुधवारी सकाळी माझं काम बरं होतं, हे मी आता चार वर्षं बघतोय.

आता दुसरी बाजू. लोक म्हणतात अरे लिनक्स, एवढी मोठी ऑपरेटिंग सिस्टिम, छंद म्हणूनच सुरू झालं ना? झालं की. ऑगस्ट १९९१ मधे लिनस टोरवाल्ड्सने जाहीर करताना लिहिलंच होतं की हा फक्त छंद आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पण तशीच, १९८९ च्या नाताळात ग्विडो व्हान रॉसमला काहीतरी विरंगुळा हवा होता म्हणून त्याने लिहायला घेतलं. पण त्या गोष्टीतला एक तपशील आपण सोडून देतो. त्याचं ऑफिस नाताळला बंद होतं! आठवडाभर कुलूप. म्हणून तो विरंगुळा शोधत होता. टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीला विद्यार्थी होता. दोघांकडे वेळ होता आणि दोघांकडे कुणी ते मागितलं नव्हतं. आणि पुढे हाच टोरवाल्ड्स स्कूबा डायव्हिंग करायला लागला, त्याच्या डाइव्हच्या नोंदी ठेवायला बरं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून २०११ मधे त्याने सबसरफेस नावाचं स्वतः सुरू केलं. म्हणजे समुद्र आधी आला, कोड नंतर. डोनाल्ड क्नूथ, ज्यांची अल्गोरिदमवरची पुस्तकं आपण शेल्फात ठेवतो आणि फार कमी जण वाचतो, त्यांच्या घरात पाइप ऑर्गन आहे आणि त्यांनी ऑर्गनसाठी लिहिलेली दीड तासाची रचना २०१८ मधे स्वीडनमधे वाजवली गेली, तेव्हा ते ऐंशीचे होते.

ज्याला रात्री बसून स्वतःचा कंपायलर लिहावासा वाटतो त्याने लिहावा, मला आनंद आहे, मीही एकेकाळी लिहिलाय. पण गिटहबवर, जिथे सगळे आपला कोड ठेवतात, काम केलेल्या दिवसांचे हिरवे चौकोन दिसले पाहिजेत, रिक्रूटर बघतो, म्हणून रविवारी बसून जे केलं जातं त्याला छंद म्हणू नका. ते बिनपगारी ओव्हरटाइम आहे. आणि त्या चौकोनांवरून कुणाला नोकरी देणाऱ्या आम्ही लोकांनी विचार करायला पाहिजे की आपण कुणाला निवडतोय. ज्याच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करतं त्याला निवडतोय. २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता आणि जे पुरुष करतात त्यांचा ९७. माझ्या टीममधल्या बाईंना, ज्या माझ्यापेक्षा चांगला कोड लिहितात, मी एकदा विचारलं तुम्ही काय करता संध्याकाळी, तर म्हणाल्या पूर्वी भरतनाट्यम करायचे, आता मुलीला सोडायला जाते क्लासला, बाहेर गाडीत बसून स्टँडअपच्या, टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या, नोट्स लिहिते. क्लासच्या बाहेर. आत जायला त्यांना चाळीस फूट अंतर आहे.

तर संध्याकाळ. संध्याकाळ ही आपल्याकडे फार मोठी गोष्ट होती हे आपण विसरलो. मुंबईत १८९० पर्यंत गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती, नारायण मेघाजी लोखंडे कितीतरी वर्षं त्यासाठी भांडले आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. तुम्ही-आम्ही आज जो रविवार झोपून काढतो तो तिथून आलाय. पुढे पाळ्या ठरल्या, कामाचे तास ठरले, आणि त्या उरलेल्या तासांतून गिरणगावात भजनी मंडळं उभी राहिली, लेझीम, शाहिरी, कामगार रंगभूमी. अण्णाभाऊ साठे गिरणीत काम केलेले, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर १९४४ मधे त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. नारायण सुर्वेही गिरणीत राबलेले. नंतर बँका, एलआयसी, सरकारी कचेऱ्या आल्या आणि आपलं हौशी नाटक त्या साडेपाचला सुटणाऱ्या ऑफिसांवर उभं राहिलं, राज्य नाट्य स्पर्धेच्या याद्यांमधे बघा, बँकेतले कारकून, एसटीतले, शाळामास्तर. पुण्यात डॉ. मोहन आगाशे बी. जे. मेडिकलला मानसोपचार शिकवायचे आणि नाटक करायचे, जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर आणि तिकडून तालमींना पुण्यात यायचे. त्या लोकांना कुणी विचारलं नाही की याचा तुझ्या करिअरला काय फायदा.

आज पुण्यात हापिसात बसून काम करणारी सगळ्यात जास्त तरुण पोरं बहुतेक आयटीतच असतील. त्यांची तालीम कुठंय?

त्यांची तालीम साडेआठच्या कॉलमधे आहे. हे गणित बाहेरच्या लोकांना कळत नाही म्हणून नीट सांगतो. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा आणि कॅलिफोर्नियाचे आठ. क्लायंटची सकाळ ताजी असते, आपला दिवस संपलेला असतो. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात की तोच कॉल आपल्याकडे साडेनऊला येतो, दर वर्षी, कुणी विचारत नाही. कॉल असतो अर्ध्या तासाचाच हो, पण त्यासाठी साडेसहाला हिंजवडी फेज थ्रीमधून निघून, भूमकर चौकात अडकून, चांदणी चौकातून घरी येऊन, जेवण अर्धवट टाकून लॅपटॉपपुढे बसायचं असतं, म्हणजे गेली ती पूर्ण संध्याकाळ. अर्ध्या तासाच्या कॉलने अडीच-तीन तास जातात. आठवड्यात असे चार कॉल आले की माणूस कुठल्याही गोष्टीचं, मंगळवारी येतो असं वचन देऊ शकत नाही. आणि जो वचन देऊ शकत नाही त्याला नाटकात घेत नाहीत, क्लासला तो टिकत नाही, क्रिकेटच्या टीममधे तो बारावा असतो आणि मग तो पण राहत नाही. मग उरतं काय? जे एकट्याने, रात्री अकराला, अंथरुणात करता येतं ते. मोबाइल.

यावर धोरण म्हणून काय चाललंय तर ऑक्टोबर २०२३ मधे इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. सहा दिवस धरले तर रोज ११ तास ४० मिनिटं होतात, वर प्रवास वेगळा. २०२४ मधे कर्नाटकात आयटीसाठी दिवसाला १४ तासांपर्यंत काम करून घेता यावं असा प्रस्ताव आला, युनियन रस्त्यावर उतरल्या. आणि आपल्या राज्यात दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यात दिवसाला ९ तासांची मर्यादा होती, सप्टेंबर २०२५ मधे मंत्रिमंडळाने ती १० तास करायला मंजुरी दिली. मूर्तींनी जे उभं केलं त्याबद्दल मला आदर आहे, माझ्यासारख्यांच्या घरात त्या कंपन्यांमुळे पहिल्यांदा चांगले दिवस आले हे मी नाकारत नाही. पण या बाबतीत ते चुकतायत असं मला स्पष्ट वाटतं. आमचं काम पाटीवर डबर वाहण्याचं नाही की जास्त तास म्हणजे जास्त पाट्या. दहाव्या तासाला लिहिलेला कोड दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला दुरुस्त करावा लागतो, हे लिहिणाऱ्याला माहिती असतं आणि दुरुस्त करणाऱ्यालाही.

ढोल-ताशा पथकांकडे बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल. गणपतीच्या आधी दोनेक महिने नदीकाठाला संध्याकाळी सराव चालू होतात आणि कंबरेला ढोल बांधलेल्यातले कितीतरी जण सकाळी हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात असतात. त्यांना वेळ कसा मिळतो? मिळत नाही, ते काढतात, कारण तारीख ठरलेली आहे, गणपती कुणाच्या सॉफ्टवेअर रिलीजसाठी थांबत नाही, आणि पथकातली बाकीची पोरं वाट बघतायत. पुण्यात बऱ्याच टीममधे विसर्जनाच्या आठवड्यात रिलीज ठेवत नाहीत, क्लायंटला आधीच सांगतात, आणि क्लायंट ऐकतो! म्हणजे सांगितलं तर होतं. फक्त दहा दिवसांसाठी आपण सांगतो आणि उरलेलं वर्ष सांगत नाही.

का सांगत नाही यावर मी खूप विचार केलाय. आमच्या क्लायंटकडचा एक मॅनेजर आहे, गेल्या उन्हाळ्यात त्याने एका कॉलला सगळ्यांसमोर सांगितलं, गुरुवारी मला उशिराची मीटिंग जमणार नाही, माझी सॉफ्टबॉलची मॅच असते. त्याच्या आवाजात काही अपराधीपणा नव्हता. मीटिंग हलली. त्याच कॉलमधे आमच्या एकाने म्युट काढून सांगितलं की मी उद्या लवकर ड्रॉप होईन, समथिंग पर्सनल. मला माहीत होतं त्याची भजनाची बैठक होती, तो पेटी वाजवतो, सुंदर वाजवतो. आपण आईचं आजारपण सांगतो, मुलाच्या शाळेची पीटीएम सांगतो, ते सांगताना आपल्याला संकोच वाटत नाही, पण माझी तालीम आहे, माझा क्लास आहे हे चारचौघात सांगायला जीभ रेटत नाही. दुसऱ्या कुणासाठी वेळ मागितला तर चालतो, स्वतःसाठी मागितला की गुन्हा. लग्न न झालेल्या पोरांना तर विचारूच नका, त्यांची संध्याकाळ म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, तुला काय घरी कुणी नाही, घे ना तू कॉल.

मी आता माझ्या कॅलेंडरवर मंगळवारच्या चौकोनात मराठीत तबला असं लिहून ठेवतो. बिझी नाही, पर्सनल नाही, तबला. सुरुवातीला दोघा-तिघांनी विचारलं, आता कुणी त्या वेळेला मीटिंग टाकत नाही.

जागेचंही बोललं पाहिजे, फार कुणी बोलत नाही म्हणून. वाकड-बाणेर-बालेवाडीला ज्या सोसायट्या झाल्या त्यातल्या प्रत्येकीत क्लबहाऊस आहे, आरसे लावलेला हॉल आहे, एसी आहे, आणि तो हॉल महिन्यातले बहुतेक दिवस रिकामा, शनिवारी बर्थडे पार्टी. आमच्या सोसायटीत सरांचा आठवड्यातून एक दिवस क्लास ठेवावा म्हणून मी अर्ज केला तर उत्तर आलं, व्यावसायिक क्लासला परवानगी नाही आणि आवाजाचा त्रास होतो. सर महिन्याला जेवढे घेतात तेवढ्यात आमच्या एका पार्टीचा केकही येत नाही. दोन मीटिंगा भांडलो, शेवटी साडेसात ते नऊ, खिडक्या बंद, तीन महिने ट्रायल, एवढं मिळालंय. पहिल्या दिवशी अकरा नावं आली, त्यातली आठ मोठ्या माणसांची. सगळी आयटीतली. म्हणजे माणसांना नको असतं असं नाही, त्यांना कोथरूडला जाऊन यायला तीन तास नसतात.

कंपन्यांकडून माझं मागणं अवघड नाही. प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून द्या, कारण न विचारता, लग्न झालेलं असो नसो, आणि त्या संध्याकाळी कॉल नाही म्हणजे नाही. रात्रीचे कॉल रोस्टरने वाटून घ्या, दर वेळी अख्खी टीम बसायची काही गरज नसते, निम्मे लोक कॅमेरा बंद करून भाजी चिरत असतात. आणि ज्याला नवीन शिकवायचंय त्याला ऑफिसच्या वेळात शिकवा, कारण ते कंपनीच्याच कामाचं आहे. एआय आल्यापासून सगळे घाबरलेत, शनिवार-रविवार कोर्स चालू आहेत, मला ती भीती कळते, मलाही वाटते. पण भीतीपोटी आपण नेमकं तेच सोडतोय ज्याने आपल्याला ऐकू येतं, चुकलेलं कळतं, दुसऱ्याला सांभाळून घेता येतं.

तो लाइट्सवाला मुलगा आमच्याकडे लागला. चार-पाच महिन्यांनी एकदा माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला, काही बोलेना, मग म्हणाला सर, राज्य नाट्य स्पर्धेला एक ग्रुप उतरतोय, लाइट्स मी करतोय, दोन महिने मंगळवार आणि गुरुवारी आठ ते दहा तालीम आहे. म्हणाला, कॅलेंडर बघून आलोय, गुरुवारचा साडेआठचा कॉल माझ्या नावावर आहे. मंगळवारी काहीच नाही, मंगळवारी तुमचा तबला असतो म्हणून कुणी टाकतच नाही.

गुरुवारचा कॉल मी घेतला. दोन महिने घेतला, त्यातल्या तीन गुरुवारी घरी जेवायला दहा वाजले आणि बायकोने विचारलं की मंगळवार तुझा, गुरुवार त्या मुलाचा, मग माझा कुठला? तिच्या ओळखीची एक बाई बुधवारी चित्रकला शिकवते. बुधवारी आता मी सातला घरी असतो, कुकर लावतो. सोमवारच्या कॉलचं अजून काही जमलेलं नाही, त्यावर बोलणं चालू आहे.